इमॅजिकाला जाताय? मग रात्री तिथेच राहा

पहिल्या खेपेला आम्ही खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला एका दिवसात जाऊन आलो होतो. सकाळी साडेसातला पुण्यातलं कर्वेनगर सोडलं आणि रात्री साडेदहाला घराचं कुलूप उघडलं. मधला सगळा दिवस छान गेला, शेवटचे तीन तास सोडून. दिवसभर उन्हात रांगा लावून नवऱ्याच्या पोटऱ्यांना गोळे आले होते आणि त्याच पायांनी त्यांना गाडी बोरघाट चढवायची होती. मागच्या सीटवर दोन्ही मुलं मान वाकडी करून झोपलेली. खंडाळ्याच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली. नवऱ्याला डुलकी येऊ नये म्हणून मी घाटभर काहीबाही बोलत होते. तेव्हापासून आम्ही एक ठरवलं आहे, संध्याकाळी दमलेल्या अवस्थेत घाट चढायचा नाही. राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी निवांत निघायचं.

"दोन तासांवर घर असताना हॉटेलात पैसे कशाला घालायचे?" असं घरातलं कुणीतरी विचारतंच. मला वाटतं, जवळ राहणाऱ्यालाच पार्कलगतच्या हॉटेलचा खरा उपयोग आहे. नागपूरहून किंवा सुरतेहून आलेल्या कुटुंबाला दोन दिवसांत सगळं उरकायचं असतं, पुन्हा कधी येणं होईल कुणास ठाऊक. आपण सहा महिन्यांनी परत येऊ शकतो. निम्म्या राइड्स राहिल्या तरी काही बिघडत नाही. म्हणून माझा हिशेब साधा आहे: एक रात्र, एकच पार्क आणि दुसरी सकाळ पूर्ण हॉटेलसाठी. थीम पार्क, वॉटर पार्क आणि देवदर्शन असं सगळं दीड दिवसात कोंबलं, तर काहीच धड होत नाही.

ज्यांनी हे ठिकाण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला इमॅजिका आहे. थीम पार्क 2013 मध्ये सुरू झालं, वॉटर पार्क 2014 मध्ये, आणि 2015 मध्ये पार्कला लागूनच नोव्होटेल हे हॉटेल सुरू झालं, पुढे वाढत त्याच्या 287 खोल्या झाल्या. 2022 पासून पार्क संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. फक्त पाण्यात खेळायचं असेल तर घाट उतरायची गरज नाही, त्याच समूहाचं वेट अँड जॉय लोणावळ्याजवळ आहे, ते एका दिवसात होतं. मुक्कामाचा विचार करायचा तो थीम पार्कसाठी.

दिवस कोणता निवडायचा

सहलीचा निम्मा आनंद इथेच ठरतो. शनिवार-रविवार, मे महिना, दिवाळीचा आठवडा, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम असते, पण शाळांच्या सहलींचा हंगामही तोच. सकाळी वाहनतळात पिवळ्या बसगाड्यांची रांग दिसली की आतल्या रांगेचा अंदाज करावा. माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस दोन वेळा मिळतात. एक, जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरचे पहिले दोन आठवडे. दुसरे, फेब्रुवारीतले मधले वार, परीक्षांची चाहूल लागण्याआधीचे.

पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या ज्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्या घरांना तर ही सोय आयतीच मिळते. गुरुवारी पार्क करायचं आणि शुक्रवारी अर्धी रजा टाकायची. रजा मिळतच नसेल तर क्रम उलटा करा: बुधवारी संध्याकाळी कामाची पाळी संपवून खाली उतरायचं, तिथे झोपायचं आणि गुरुवारी दार उघडताच आत जायचं. मात्र त्या दिवशी चार-साडेचारलाच बाहेर पडा. उजेडात घाट पार झाला पाहिजे. निघण्याआधी त्या दिवशी पार्क चालू आहे का आणि किती वाजेपर्यंत, एवढं त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या. आठवड्यातल्या वारांच्या वेळा बदलत असतात.

हवेबद्दल पुणेकर हमखास फसतो. आपण सकाळी कोरड्या, हलक्या हवेतून निघतो आणि दीड-दोन तासांत घाटाखाली कोकणात असतो. पुण्यात पस्तीस अंश सोसतात, खाली तेवढ्याच उष्म्यात घामाने कपडे अंगाला चिकटतात. पावसाचंही तेच. पुण्यात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, तर तासाभरावरच्या लोणावळ्यात चार हजारांच्या पुढे. घाटाच्या पायथ्यालाही तो धो धो कोसळतो. जोराच्या पावसात आणि विजा चमकताना उघड्यावरच्या मोठ्या राइड्स आणि हॉटेलचा पोहण्याचा तलाव, दोन्ही थांबवतात. तरी जुलैची सहल मला आवडते, समोरचा सह्याद्री तेव्हा धबधब्यांनी पांढरा झालेला असतो. फक्त ती सहल हॉटेलसाठी करायची, रोलर कोस्टरसाठी नाही. आणि पावसाळ्यात शनिवार-रविवार नकोच. लोणावळ्याच्या भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांत तुमची सकाळ जाईल.

खोली ठरवताना

अ‍ॅपवर दर बघा, पण नंतर हॉटेलला एक फोन कराच. खोली आणि पार्कचं तिकीट मिळून पॅकेज आहे का, हे आधी विचारा. दोन्ही वेगवेगळं घेतलं तर काय पडतं त्याची कागदावर बेरीज करा. कधी पॅकेज स्वस्त पडतं, कधी पार्कच्या तिकिटावर स्वतंत्र सवलत असते. पॅकेजमधल्या तिकिटावर कोणती तारीख आहे, तेही विचारा. मुलांचं वय किती असेपर्यंत जादा पैसे नाहीत, जादा गादीचे किती, नाश्ता धरलेला आहे का, हे एकाच फोनमध्ये होतं. सासू-सासरे सोबत असतील तर लिफ्टजवळची आणि खालच्या मजल्यावरची खोली मागा. आम्ही दोन खोल्या घेतो तेव्हा मधलं दार उघडणाऱ्या शेजारच्या खोल्या मागतो, आजी-नातवंडांची ये-जा सुखाची होते. ही मागणी ईमेलवर लिहून ठेवा, म्हणजे काउंटरवर दाखवता येते.

कराकडे लक्ष ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून खोलीचं एका रात्रीचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के आहे, त्याच्या वर गेलं की पूर्ण भाड्यावर 18 टक्के. समजा एका दिवशी भाडं 7,400 आहे आणि दुसऱ्या दिवशी 7,700. फरक तीनशेचा वाटतो, पण करासकट पहिली खोली 7,770 ला पडते आणि दुसरी 9,086 ला. अ‍ॅपवर मोठ्या अक्षरात दिसणारा आकडा बहुतेक वेळा कराशिवायचा असतो. म्हणून तारीख एक-दोन दिवस मागे-पुढे करून शेवटच्या पानावरचा आकडा बघा.

घरातून निघण्याआधी

मुलांची उंची घरीच मोजा. चपला काढून, टाच भिंतीला टेकवून, डोक्यावर वही आडवी धरायची आणि पेन्सिलने खूण करायची. मोठ्या राइड्सना किमान उंचीची अट असते आणि प्रत्येकीची वेगळी. वेबसाइटवरची यादी त्या खुणेशी ताडून बघा आणि कोणत्या राइडमध्ये बसता येणार नाही, ते मुलाला घरीच सांगा. माझा पुतण्या अर्धा तास रांगेत उभा राहून उंचीच्या खांबापाशी दोन बोटं कमी पडला होता. आठ वर्षांच्या मुलाने सगळ्यांसमोर रडू आवरायचा प्रयत्न केला, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. अट बरोबरच आहे, कारण सुरक्षेचा दांडा शरीरावर नीट बसण्यासाठीच ती असते. चूक आमची होती, आम्ही आधी मोजलं नव्हतं.

तलावासाठी प्रत्येकाचा नायलॉनचा किंवा लायक्राचा कपडा घ्या. सुती टी-शर्ट, सलवार-कमीज, साडी पाण्यात चालत नाही. सुताचे धागे गाळणीत अडकतात आणि भिजलेलं जड कापड अंगाभोवती गुंडाळलं जाऊन धोका होतो. तिथे पोहण्याचे कपडे भाड्याने मिळतात, पण मापाचा कपडा मिळेलच असं नाही. माझ्या जाऊबाईंनी तुळशीबागेतून घोट्यापर्यंतची लेगिंग आणि गुडघ्यापर्यंतचा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा ड्रेस घेतला, तेव्हा कुठे त्या आयुष्यात पहिल्यांदा निर्धास्त होऊन पाण्यात उतरल्या. ज्या बायका काठावर पिशव्या सांभाळत बसतात, त्यांतल्या कितीतरी जणी केवळ कपड्यापायी बसलेल्या असतात. घरातल्या मोठ्या बाईसाठी हा कपडा आठवणीने घ्याच.

बाकी पिशवीत वापरून पायाला बसलेले बूट (नवे नकोत), टोपी, ओल्या कपड्यांसाठी दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, ओआरएसची पाकिटं आणि सगळ्या मोठ्यांची आधार कार्डं. काउंटरवर प्रत्येकाचं ओळखपत्र मागतात, फक्त ज्याच्या नावावर खोली आहे त्याचंच नाही.

घाट उतरताना

वाकड-हिंजवडीकरांनी आठला निघालं तरी चालेल. सिंहगड रस्ता, हडपसर, खराडीच्या लोकांनी सातच्या आत निघावं, कारण पुण्यातून बाहेर पडण्यातच पाऊण तास जातो. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आदल्या रात्री बघा. एक्सप्रेसवेवर आणि विशेषतः घाटात वेग मोजणारे कॅमेरे आहेत, उतारावर गाडी आपोआप पळते आणि चलन घरी येतं. गिअर खालचा ठेवा, ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. अमृतांजन पूल 2020 च्या एप्रिलमध्ये पाडला, पण त्या जागेला सगळे अजून अमृतांजन पूलच म्हणतात. मुलांना वळणावर मळमळतं तेही तिथेच. पिशवी हाताशी ठेवा.

घाट संपल्यावर खोपोलीच्या फाट्याला एक्सप्रेसवे सोडायचा आणि गावातून पालीच्या रस्त्याला लागायचं. वेळ असेल तर खोपोलीत रमाकांतचा बटाटेवडा खाऊन पुढे जा, पुण्या-मुंबईच्या जुन्या प्रवाशांचा तो ठरलेला थांबा आहे. पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेता येत नाही, म्हणून आम्ही थालीपीठं आणि दही गाडीतच संपवतो आणि भरल्या पोटी आत शिरतो.

गाडी नसेल तर कर्जतला थांबणारी रेल्वे पकडा. तिथून खोपोलीची लोकल आहे, आणि स्टेशनबाहेर रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. परतीची रिक्षा हॉटेलच्या काउंटरवरून बोलावणं सोपं पडतं.

पहिला दिवस पार्कचा

सरळ हॉटेलात जा. खोली दुपारीच मिळणार, पण सामान ठेवून घेतात. नावनोंदणी तेव्हाच उरकून टाका, म्हणजे दुपारी फक्त किल्ली घ्यायची राहते. सामानाची पावती घ्या, औषधं आणि मुलांचा एक कपड्यांचा जोड जवळच्या छोट्या पिशवीत ठेवा आणि पार्कच्या दारावर उघडण्याआधी अर्धा तास पोहोचा.

आत शिरल्यावर दाराजवळच्या दुकानांत आणि फोटोंत रमू नका. पहिल्या दीड तासात मोठ्या, उघड्यावरच्या राइड्स करून घ्या. नायट्रो आधी. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड या कंपनीने बांधलेला हा कोस्टर 40 मीटर उंच चढतो, ताशी 105 किलोमीटर वेग घेतो आणि पाच वेळा उलटा होतो. पायाखाली तळ नसतो, पाय मोकळे लोंबकळतात. म्हणून सैल चपला, चष्मा, मोबाइल सगळं खाली ठेवायचं. डोकं मागच्या टेकूला घट्ट टेकवा, मग मान दुखत नाही. पाठीचा, मानेचा, हृदयाचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर या राइडला बसूच नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

त्यानंतर उन्हाचा कडाका वाढला की बंदिस्त, थंडगार खेळांकडे वळायचं. अंधारात धावणारा डीप स्पेस हा लहान-मोठ्या दोघांनाही रंगतो, पण अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला आधी कल्पना द्या. आजी-आजोबांसाठी आय फॉर इंडिया उत्तम. खुर्चीत बसून आपल्या देशावरून उडत गेल्यासारखं वाटतं. सासूबाई त्यातून बाहेर आल्या आणि पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

राजासॉरसच्या पाण्यातल्या राइडला जाताना मुलांना एक गोष्ट सांगा. हा डायनोसॉर कल्पनेतला नाही. त्याची हाडं गुजरातमध्ये रहिओली गावाजवळ सापडली आणि 2003 मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस असं शास्त्रीय नाव मिळालं, आपल्या नर्मदेवरून. डोक्यावर छोट्या शिंगासारखा उंचवटा असलेला तो मांसाहारी प्राणी होता. हे कळल्यावर माझी मुलगी बोटीत बसून फक्त त्याच्या डोक्याकडे बघत होती. ही राइड दुपारच्या खोलीवर जाण्याच्या अगदी आधी ठेवा, कारण भिजायला होतं.

दुपारची खोली

आता या हॉटेलचा खरा फायदा. साधारण दोन-अडीचला, ऊन डोक्यावर आणि रांगा सगळ्यात लांब असताना, पार्कमधून बाहेर पडा. पुन्हा आत येण्याचा नियम आणि मनगटावरचा शिक्का किंवा पट्टी याबद्दल दारावर आधी विचारून मगच बाहेर पाऊल टाका. तसं जमणार नसेल तर हे तास बंदिस्त खेळांत आणि बसून जेवण्यात काढा आणि थोडे लवकर बाहेर पडा. जमत असेल तर चालत खोलीवर यायचं, अंघोळ करायची, पडदे ओढायचे आणि खरोखर झोपायचं. दीड तास. मोबाइल बाजूला. लहान मुलं "आम्ही नाही झोपणार" म्हणतात आणि पाच मिनिटांत घोरतात. साडेचार-पाचला कोरडे कपडे घालून परत गेलात की पार्क वेगळंच वाटतं: ऊन उतरलेलं असतं, दिवसभराची मंडळी परतीच्या तयारीत असतात, रांगा आखडतात. सकाळी राहिलेलं एक-दोन करायचं, परेड बघायची आणि दिवे लागल्यावर चालत खोलीवर यायचं. एका दिवसात जाऊन येणाऱ्याला हे मिळत नाही.

रात्री ओल्या कपड्यांचं काय करायचं, हे मला एका अनुभवी बाईने शिकवलं. हॉटेलचा मोठा कोरडा टॉवेल बाथरूमच्या फरशीवर पसरायचा, त्यावर पिळून घेतलेला पोहण्याचा कपडा सपाट ठेवायचा, सुरळी करायची आणि त्या सुरळीवर अनवाणी उभं राहायचं. टाचेपासून चवड्यापर्यंत हळूहळू भार देत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं. सगळं पाणी टॉवेलात उतरतं. मग कपडा हँगरला लावून एसीच्या झोतापुढे टांगला की सकाळी वाळलेला असतो.

दुसरी सकाळ

गजर लावायचा तो इथे. सहाला उठा, बाहेर फिरून या. पूर्वेला घाटाची भिंत उभी असते, तिच्यामागून उजाडतं. तलावाची वेळ आदल्या रात्री विचारून ठेवा आणि तो उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पाण्यात असा. नंतर नाश्ता करून सगळे येतात, तेव्हा पोहायला जागा राहत नाही. नाश्त्याला शेवटच्या तासाभरात जा, सावकाश बसा, आणि दुपारचं जेवण पुण्यात गेल्यावर उशिरा करा. संकष्टी, एकादशी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, फळं आणि दूध वेगळं ठेवतात.

मोठी माणसं सोबत असतील तर खोली सोडल्यावर महडला जा. वरदविनायकाचं ते देऊळ 1725 मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं, आणि तिथला नंदादीप 1892 पासून तेवता आहे असं सांगतात. पालीचा बल्लाळेश्वर हॉटेलपासून खोपोली-पाली रस्त्यानेच पुढे आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर दिलेली घंटा तिथे बघायला मिळते. दोन्ही देवळं एका दुपारी करू नका. मंगळवारी आणि चतुर्थीला दोन्हीकडे गर्दी असते.

बिल खोली सोडण्याच्या आदल्या रात्रीच मागवून वाचा. मिनीबार, लाँड्री, खोलीत मागवलेलं दूध, एकेक ओळ. चुकीची नोंद रात्री शांतपणे सुटते, सकाळी काउंटरवर मागे रांग असताना सुटत नाही.

परतताना आम्ही खोपोलीहून जुन्या रस्त्याने घाट चढतो. शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी हळू करून मुलं नाणं टाकतात. इंग्रजांना या डोंगरातून वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे ठाणं, आणि घाट चढणारे ड्रायव्हर त्याला आजही मानतात. बारापर्यंत लोणावळा मागे पडतं, अडीचच्या सुमारास कर्वेनगर. जेवण व्हायच्या आत पहिला कपड्यांचा घाणा मशीनमध्ये फिरत असतो.